एका अक्षराचा फेर : थॅलेसेमिया आणि आपली मुले

(जयसिंगपूर येथे संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाने रक्ताच्या आजारावर बोलावे याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. डॉक्टरसाहेब व्यासपीठावर असताना तर हे धाडसच म्हणायचे. परंतु आज ज्या आजाराविषयी बोलायचे आहे तो एका अक्षराच्या चुकीतून होतो, आणि अक्षरांच्या चुका काढण्यात माझा दिवस जातो. तेव्हा एवढा हक्क मला द्यावा.

आजाराचे नाव थॅलेसेमिया. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. दर तीन आठवड्यांनी त्याच्या हजेरीत दोन दिवसांचे खाडे पडत. मिरजेला जाऊन रक्त भरून घ्यायचे आणि परत यायचे. बाकीच्या मुलांना क्रिकेटच्या धावा तोंडपाठ असतात तसे त्याला आपल्या हिमोग्लोबिनचे आकडे पाठ असत. "सर, या वेळी साडेसात होते," असे तो सहज सांगे. उंचीने लहान, भूगोलात हुशार. त्याच्या आईला मात्र शेजारीपाजारी, नातेवाईक एकच विचारीत : हे तुमच्या माहेरी कुणाला होते का? या प्रश्नाचे उत्तर मला आज द्यायचे आहे. त्यासाठी जरा लांबून यावे लागेल.

आपल्या शरीरातील प्रत्येक कामाची आज्ञा डी.एन.ए. नावाच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेली असते. या लिपीत अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेला एक संच आणि बापाकडून आलेला एक संच, आणि प्रत्येक संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे. हा धागा २३ जोड्यांत विभागलेला आहे, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. आपल्या जयसिंगपुरात जसा गल्लीच्या क्रमांकावरून पत्ता सांगतात तसाच येथेही क्रमांकावर पत्ता असतो. रक्ताला लाल रंग देणारे व प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे बनते, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फाचा पत्ता १६ वे गुणसूत्र, बीटाचा ११ वे. आपली आजची गोष्ट अकराव्या गल्लीत घडते.

आता शेतकरी पालकांना लगेच उमजेल असे सांगतो. सोसायटीचे कर्ज काढायचे तर तलाठ्याच्या दप्तरातील मूळ वही कोणी उचलून नेत नाही. सातबाराचा उतारा काढतो आणि उताऱ्यावर काम होते. (हल्ली तो संगणकावर मिळतो ही गोष्ट वेगळी.) पेशीतही तसेच आहे. डी.एन.ए.ची मूळ वही पेशीकेंद्रात कुलूपबंद राहते. हव्या त्या जनुकाचा उतारा तेवढा काढला जातो. या उताऱ्याला आर.एन.ए. म्हणतात आणि उतारा काढण्याच्या क्रियेला प्रतिलेखन. उताऱ्यात टी च्या जागी यू हे अक्षर येते, एवढाच लिपीचा फरक. उतारा पेशीकेंद्राबाहेर जातो आणि तेथे तो तीन-तीन अक्षरांनी वाचून प्रथिन बनवले जाते. ही तीन अक्षरांची बाराखडी उलगडणाऱ्यांत पंजाबातल्या एका खेड्यात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराणा होते. त्याबद्दल त्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते खेडे आज पाकिस्तानात आहे.

इथवर पाठ्यपुस्तकात येते. पुढची गोष्ट १९७७ पर्यंत जगात कोणालाच ठाऊक नव्हती. त्या वर्षी फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्‌स या शास्त्रज्ञांच्या गटांना एका विषाणूचा अभ्यास करताना असे आढळले की, मूळ वहीत जे लिहिले आहे ते सलग नसतेच. कामाच्या मजकुरात मध्ये मध्ये बिनकामाचा मजकूर घुसडलेला असतो. त्याच वर्षी ससा आणि उंदीर यांच्या बीटा साखळीच्या जनुकातही असा मजकूर सापडला. या शोधासाठी शार्प व रॉबर्ट्‌स यांना १९९३ साली नोबेल मिळाले. मधल्या मजकुराला इंट्रॉन म्हणतात, कामाच्या मजकुराला एक्झॉन. पेशी आधी सगळ्याचा कच्चा उतारा काढते, त्याच्या माथ्यावर एक टोपी चढवते, शेवटी एक शेपूट जोडते आणि मधले इंट्रॉन कापून कामाचे तुकडे एकमेकांस जोडते. शिंपी जादा कापड कापून दोन पाट शिवतो तसे. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग असे नाव आहे.

आपल्या बीटा जनुकाचा कच्चा उतारा सुमारे १६०० अक्षरांचा. त्यात दोन इंट्रॉन, पहिला १३० अक्षरांचा व दुसरा ८५० अक्षरांचा. ते गेल्यावर सव्वासहाशेच्या आसपास अक्षरे उरतात आणि त्यातील ४४४ अक्षरांत प्रथिनाची प्रत्यक्ष आज्ञा असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक उतारा कात्रीखाली जातो! कापणाऱ्या यंत्रणेला कोठे कापायचे हे कसे कळते? इंट्रॉनच्या तोंडाशी काही ठरावीक अक्षरे खूण म्हणून असतात. बीटा जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनचा आरंभ मूळ वहीत असा आहे : जी, टी, टी, जी, जी.

यातील पाचवे अक्षर पाहा. ते जी आहे. आपल्या देशात थॅलेसेमियाच्या ज्या निरनिराळ्या चुका आढळतात त्यांत सर्वाधिक आढळणारी चूक या पाचव्या अक्षरात आहे. जी च्या जागी सी आलेले असते. महाराष्ट्रातही हीच चूक पहिल्या क्रमांकावर आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशा सर्वांत ती सापडते, आणि पाकिस्तान, ओमान येथपासून इंडोनेशियापर्यंत तिचा वावर आहे. १९८३-८४ च्या सुमारास ट्राइस्मन, ऑर्किन, मॅनिआटिस, काझाझियान आदी अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या बीटा जनुकांतील अशा चुका एकेक करून उकलल्या. त्यांत भारतीय वंशाच्या रुग्णांमधील ही चूकही होती.

हे अक्षर प्रथिनाच्या आज्ञेत येतच नाही. ते ज्या भागात आहे तो भाग कापून टाकायचाच असतो. मग एवढा अनर्थ का व्हावा? कारण खूण पुसट झाली. कात्रीला नेमकी जागा सापडत नाही. क्वचित ती बरोबर जागी कापते आणि थोडेसे चांगले हिमोग्लोबिन तयार होते. बहुतेक वेळा ती आजूबाजूच्या तीन भलत्याच जागी कापते, ज्या एरवी कोणी विचारातही घेत नाही. त्यांपैकी एका जागी कापले की कामाची १६ अक्षरे जादा निघून जातात. १६ ला ३ ने नि:शेष भाग जात नाही, आणि सगळा घोटाळा येथे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वहीत लिहा : शरद गवत उचल परत. सगळे शब्द तीन अक्षरी आहेत. आता यातील फक्त 'व' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे मांडा : शरद गतउ चलप रत. एक अक्षर गेले आणि पुढच्या सर्व वाक्याचा अर्थ गेला. पेशीतही असेच होते. पुढचे वाचन बिघडते, मध्येच 'थांबा' अशा अर्थाची तीन अक्षरे येतात, आणि पेशीची स्वत:ची तपासणी असला बिघडलेला उतारा ओळखून पुष्कळदा फाडून टाकते. परिणामी बीटा साखळी फारच थोडी तयार होते. अल्फा साखळ्या मात्र चालूच असतात. त्यांना जोडीदार मिळत नाही, त्या साचतात आणि लाल पेशींना अस्थिमज्जेतच मारतात.

याच जनुकात दुसऱ्या प्रकारच्याही चुका आहेत. काहींत जनुकाच्या आरंभापूर्वीच, उदाहरणार्थ ८८ व्या जागी, फेर होतो आणि उतारा काढण्याचे कामच मंदावते. काहींत शेपूट कोठे जोडायची ती खूण बिघडते. सिंधी व लोहाणा समाजांत तर ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला अनेकांत आढळतो. आपण कापडासाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो, तेथील सिंधी बांधवांना हा आजार चांगला परिचयाचा आहे आणि त्यांच्या समाजात तपासणीविषयी जागृतीही आपल्यापेक्षा अधिक दिसते. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकल सेल हा याच जनुकाचा आजार असला तरी त्याची तऱ्हा निराळी. तेथे उतारा निघतो बरोबर, कापला जातो बरोबर, पण मूळ आज्ञेतच एक अक्षर बदललेले असते.

बाळ जन्मत: निरोगी का दिसते, हे पुष्कळ आया विचारतात. गर्भात असताना बीटाऐवजी गामा नावाच्या दुसऱ्या साखळीचे हिमोग्लोबिन चालते. जन्मानंतर काही महिन्यांत गामाचे उतारे काढणे बंद होते आणि बीटाचे सुरू होते. तेव्हा चूक उघडी पडते. सहा महिने ते दोन वर्षे या काळात मूल पांढरे पडते, दूध टाकते, पोट वाढते. १९२५ साली अमेरिकेत डॉ. थॉमस कूली यांनी अशा मुलांचे प्रथम वर्णन केले. भारतातील पहिला रुग्ण १९३८ साली कलकत्त्यास नोंदला गेला. पुढचा उपचार म्हणजे आयुष्यभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जाते, ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही, म्हणून लोह काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. नाहीतर ते यकृतात आणि हृदयात साचते.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. बीटा जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एकच प्रत चुकीची असेल तर दुसरी प्रत काम भागवते. अशा व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करील, पोलिसात जाईल, दहा मुलांना शिकवील. भारतात शेकडा तीन ते चार माणसे वाहक आहेत. या हिशेबाने हजार मुलांच्या शाळेत तीस-चाळीस जण असायचे, आणि त्यांतील बहुतेकांना याचा पत्ता नसतो. दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तरच थॅलेसेमियाचे मोठे दुखणे होते. म्हणजे आई वाहक आणि बापही वाहक असल्याखेरीज असे मूल जन्मास येत नाही. सुनेच्या माहेराचा शोध घेणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवावे की, एक प्रत माहेरची असते तशी दुसरी सासरची असते. अगदी समसमान. अशा कारणावरून मुलीला माहेरी पाठवण्याचे प्रकार माझ्या कानावर आले आहेत. त्यांना अज्ञान म्हणावे की दुसरे काही, हे मी येथे बोलत नाही.

नात्यातील लग्नाविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे चाचा, मामू, फुफी, खाला यांच्या मुलामुलींत सोयरीक होते. आपल्या भागातील कित्येक हिंदू घरांतही मामाची मुलगी करण्याचा प्रघात आहे आणि कर्नाटकच्या बाजूस तर तो अधिक. यामागे जमीन, ओळख, मुलीला परके घर नको ही माया, अशी कारणे आहेत. ती मला समजतात. परंतु हिशेब पाहा. मुलगा वाहक असेल आणि वधू परकी असेल, तर ती वाहक असण्याची शक्यता पंचवीस-तिसात एक. तीच वधू सख्ख्या चाचाची वा खालाची मुलगी असेल तर केवळ नात्यापोटी ही शक्यता आठात एक होते, कारण दोघांच्या जनुकांचा काही भाग एकाच आजा-आजीकडून आलेला असतो. यावरून नात्यात लग्न करूच नये असे मी म्हणत नाही. तसे सांगणारे सांगोत. परक्या घरात लग्न केले की भीती गेली असेही नाही, कारण पंचवीस-तिसात एक ही काही लहान गोष्ट नव्हे. नाते असो वा नसो, रक्त तपासून घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.

तपासणी सोपी आहे. प्रथम रक्ताची साधी मोजणी, म्हणजे सी.बी.सी. ती आपल्या गावात होते. तिच्या कागदावर एम.सी.व्ही. व एम.सी.एच. असे दोन आकडे असतात. पहिला ८० च्या खाली आणि दुसरा २७ च्या खाली असेल तर डॉक्टरांना त्याविषयी विचारा. आपल्या मुलींत लोहाची कमतरता पुष्कळ असते आणि तिच्यातही हे आकडे उतरतात. म्हणून केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. दुसरी तपासणी एच.पी.एल.सी. नावाची, तिच्यात हिमोग्लोबिन ए-दोन मोजतात. ते साडेतीन-चार टक्क्यांहून अधिक निघाले तर व्यक्ती बहुधा वाहक असते. हा नमुना बहुतेक वेळा बाहेरगावी पाठवावा लागतो. ही तपासणी जन्मात एकदाच करायची असते. निकाहाच्या पत्रिका छापल्यावर करू नका. त्या वेळी खरे बोलण्याचे धैर्य कोणाला राहत नाही. अकरावी-बारावीच्या वर्षी, सोयरिकीचा विषय निघण्यापूर्वीच, मुलगा आणि मुलगी दोघांचीही करा. फक्त मुलींची करणार असाल तर न केलेली बरी, कारण मग तो कागद मुलीला नाकारण्यापुरताच उपयोगी पडेल.

सायप्रस बेटावर एके काळी या आजाराचे प्रमाण फार होते. तेथील चर्चने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला आणि अशा बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ पासून, सौदी अरेबियाने २००४ पासून विवाहपूर्व तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे सक्ती नाही, आणि सक्तीची वाट पाहण्याचे कारणही नाही.

दोघेही वाहक निघाले तर? लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची जनुके तपासता येतात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या विषयात अनेक वर्षे काम करीत आली आहे. मुलगा की मुलगी हे या तपासणीत सांगत नाहीत, तो कायद्याने गुन्हा आहे. निदान वाईट निघाल्यास काय करायचे हा निर्णय पती-पत्नींचा. देशाचा १९७१ चा कायदा त्यांना वाट देतो. धर्माच्या दृष्टीने ज्यांना विचार करायचा असेल त्यांनी आपल्या आलिमांशी बोलावे. १९९० साली मक्का येथील फिक्ह परिषदेने, गर्भातील व्यंग गंभीर व असाध्य असल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने ठरवल्यास, १२० दिवसांच्या आत मुभा असल्याचे म्हटले आहे, ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जुळणारे भावंड असल्यास अस्थिमज्जा रोपणाने मूल बरे होऊ शकते. त्यासाठी कोल इंडियाच्या मदतीने २०१७ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, त्याची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, तेव्हा शाळा-कॉलेजने सवलत देणे हा उपकार नव्हे. लोह काढणारी डेफेरिप्रोन ही गोळी जगात प्रथम आपल्या देशात मंजूर झाली, नव्वदीच्या दशकात. आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये व लगोलग अमेरिकेत एका नव्या जनुक-उपचारास मान्यता मिळाली. त्यात बीटाची चूक दुरुस्त करीत नाहीत. गामाचे उतारे बंद करणारे जे बटण असते तेच निकामी करतात, म्हणजे बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. युक्ती मोठी सुंदर आहे. किंमत अमेरिकेत सुमारे २२ लाख डॉलर, म्हणून आज तरी ती आपल्या कामाची नाही. सी.बी.सी. काही शे रुपयांत होते.

भाषणानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील एक प्रश्न येथे देतो, कारण तो नववीच्या एका विद्यार्थिनीने विचारला आणि मोठ्या माणसांचाही तेथेच गोंधळ होतो. "सर, आईबाप दोघे वाहक असले की चारात एक मूल आजारी, असे तुम्ही फळ्यावर लिहिले. मग एका घरात पहिले मूल आजारी असेल, तर पुढची तीन चांगली निघतील ना?"

नाही. प्रत्येक खेपेस चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. आईच्या दोन प्रतींतील एक, बापाच्या दोन प्रतींतील एक. मागच्या वेळी काय निघाले ते पुढच्या बाळाला ठाऊक नसते. प्रत्येक गर्भाला चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक होण्याची आणि चारात एक पूर्ण मोकळे सुटण्याची. चारही मुले निरोगी असलेली घरे आहेत आणि दोन्ही मुले रक्तावर असलेलीही आहेत. म्हणून पहिले मूल आजारी असेल, तर दुसऱ्या वेळी दिवस राहताच, पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना तसे सांगावे. तपासणीची तयारी करण्यास, म्हणजे आईबापांच्या चुका नेमक्या कोणत्या हे शोधण्यास, काही आठवडे लागतात आणि बारावा आठवडा लवकर येतो.